दुधाची पावती आणि प्रगतिपुस्तक

एक मेचं झेंडावंदन आटोपलं होतं आणि व्हरांड्यात टेबल टाकून मी सातवीचे निकाल वाटायला बसलो होतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर तालुक्यातलं गाव. शाळेच्या मागं ऊस, समोर रस्ता ओलांडला की दूध संस्थेची खोली. निकाल न्यायला वडील क्वचित येतात. आई येते, नाहीतर आज्जी. तशी एक आई आली, सही केली, प्रगतिपुस्तक उघडलं आणि गणिताच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "सर, ब-दोन म्हंजे काय? चांगलं का वाईट?"

"चांगलंच आहे की," मी म्हणालो. एक मेला शिक्षक दुसरं काय म्हणणार?

तिनं प्रगतिपुस्तक मिटायच्या आधी त्यात हातातली दूध संस्थेची पावती घातली, चुरगळू नये म्हणून. मी सहज विचारलं, आज फॅट किती लागली? "सात पॉइंट एक. आठ दिसामागं सहा आठ लागत हुती, मग पेंड बदलली." पावतीवर लिटर होते, फॅट होती, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) होतं, दर होता, रक्कम होती. त्यातला प्रत्येक आकडा कुठून आला, कशानं वाढतो, कशानं कमी होतो आणि कमी झाला तर कुणाशी भांडायचं, हे तिला पाठ होतं. आणि वर्षभराच्या शिक्षणाची जी पावती मी तिला दिली होती तिच्यावर होतं एक अक्षर आणि एक आकडा. ते कुठून आलं हे तिला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर तिनं आणखी दोन प्रश्न विचारले असते, तर मलाही सांगता आलं नसतं.

पुढं जे लिहितोय ते त्या न विचारलेल्या दोन प्रश्नांबद्दल आहे.

आपल्याकडं पहिली ते आठवीची श्रेणी कशी निघते, हे बहुतेक पालकांना कुणी कधी सांगितलेलंच नसतं. शिक्षण हक्क कायदा २०१० च्या एप्रिलमध्ये लागू झाला आणि त्याच वर्षी २० ऑगस्टच्या शासन निर्णयानं महाराष्ट्रात 'सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन' आलं. त्यात गुणांचे दोन भाग. एक आकारिक, म्हणजे वर्षभर वर्गात चालता-बोलता जे पाहायचं ते: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर, अशी आठ साधनं. दुसरा संकलित, म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा. पहिली-दुसरीला आकारिक ७० आणि संकलित ३०, तिसरी-चौथीला ६० आणि ४०, पाचवी-सहावीला निम्मं-निम्मं, सातवी-आठवीला ४० आणि ६०. संकलितमध्येही दहा गुण तोंडी किंवा प्रात्यक्षिकाचे. म्हणजे सातवीच्या पोरानं एकट्यानं बाकावर बसून, कुणाला न विचारता कागदावर जे लिहिलं, त्याचं वजन शंभरात पन्नास. बाकीचे पन्नास वर्गशिक्षकाच्या आणि विषयशिक्षकाच्या पेनातून येतात. मग सगळ्याची बेरीज, आणि बेरजेची श्रेणी: ९१ पासून वर अ-१, ८१ ते ९० अ-२, मग ब-१, ब-२ असं उतरत उतरत इ-२ पर्यंत. प्रगतिपुस्तकावर फक्त शेवटची पायरी येते.

आता दोन पोरं घ्या. एकाला आकारिक ४० पैकी ३७, तोंडी १० पैकी ९, लेखी ५० पैकी ३५. बेरीज ८१, श्रेणी अ-२. दुसऱ्याला आकारिक २८, तोंडी ६, लेखी ४७. बेरीज ८१, श्रेणी अ-२. पहिला वर्गात बोलका, वही नीटनेटकी, प्रकल्प वेळेत, पण पेपरात अडखळतो. दुसरा मागच्या बाकावरचा, वह्या अर्धवट, तोंड उघडत नाही, पण पेपर हातात पडला की सुटतो. या दोघांना वर्षभर वेगवेगळं काहीतरी द्यायला हवं होतं आणि घरच्यांनीही वेगवेगळं काहीतरी करायला हवं होतं. प्रगतिपुस्तक दोन्ही घरांना एकच निरोप देतं. वर तिसरा पोरगा ८० वर अडकला तर तो ब-१. ७१ वाला आणि ८० वाला एका दावणीला, ८० वाला आणि ८१ वाला दोन वेगळ्या गावचे.

श्रेणी आणताना हेतू वाईट नव्हता. एकेका गुणावरून चाललेली मारामारी थांबावी, पोरावर नंबराचा शिक्का बसू नये, हे मलाही तेव्हा पटलं होतं आणि अजून पटतं. मला खटकते ती बेरीज. पन्नास गुण एका जातीचे आणि पन्नास दुसऱ्या जातीचे एकत्र ओतले, ढवळले आणि वर झाकण लावून दिलं. गाईचं आणि म्हशीचं दूध एका किटलीत घालून नेलं तर संस्थेतला सेक्रेटरी विचारतो, हे कसलं दूध? शाळेत असं कुणी विचारत नाही.

आता माझी स्वतःची कबुली. आकारिकचे गुण मी पुष्कळदा उलटे काढलेत. म्हणजे पोरगं कोणत्या श्रेणीत 'बसतं' हे आधी मनात ठरायचं, मग बेरीज तिथं पोचावी असे आकडे निरीक्षण, तोंडी काम, प्रकल्प, स्वाध्याय या खान्यांत वाटायचे. सत्र संपताना, रात्री, निकालपत्रक पुढ्यात घेऊन. एकट्या माझंच हे पाप असतं तर लिहायला लाज वाटली असती. स्टाफरूममध्ये बसलेल्या कुणालाही विचारा, तो हसेल, आणि त्या हसण्यातच उत्तर आहे. हिशोब करून बघा. चौथीच्या वर्गात चाळीस पोरं, विषय सात, प्रत्येक विषयाला पाच साधनं धरली तर एका सत्राला १४०० खाने भरायचे. कला-शारीरिकला थोडी सूट मिळते म्हणून शंभर-दोनशे कमी करा. शिवाय प्रत्येक पोराच्या प्रत्येक विषयाच्या वर्णनात्मक नोंदी, विशेष प्रगती, आवड, सुधारणा आवश्यक. दिवसा हाच गुरुजी शिकवतो, पोषण आहाराचा तांदूळ मोजतो, ऑनलाइन माहिती भरतो, मतदार याद्या बघतो. निरीक्षण करायचं कधी? मग तयार नोंदींच्या याद्या मोबाइलवरून फिरतात. 'कवितेचे तालासुरात गायन करतो.' 'परिसरातील घटनांविषयी जाणून घेण्यास उत्सुक असतो.' 'लेखनात सुधारणा आवश्यक.' संगणकावर एक्सेलची तक्ता-पुस्तकं मिळतात, त्यात गुण टाकले की श्रेणी आपोआप, नोंदही आपोआप. मी अशी प्रगतिपत्रकं पाहिली आहेत की ज्यात 'गायन करतो' असं लिहिलेलं मूल वर्षभर वर्गात एक शब्द बोललेलं नव्हतं.

त्यात मन उदार होतं, हाही भाग आहेच. आठवीपर्यंत नापास करायचंच नव्हतं. खालची श्रेणी दिली तर जादा मार्गदर्शन केलं का, कधी केलं, नोंद कुठाय, असं केंद्रप्रमुख विचारणार. वरून पट टिकवायचा. गावच्या वेशीवर पिवळी बस उभी आहे आणि ती रोज सकाळी आपली चार पोरं उचलून नेते. अशा वेळी पोराच्या आईच्या हातात 'ड' कोण ठेवेल? मग लेखीत १७ पडलेल्याला आकारिक ३६ पडतात. शिक्षक त्याला सहानुभूती म्हणतो. मीही म्हणायचो.

आता पालक याचं काय करतात ते बघा. आम्ही त्यांना नंबर सांगायचं बंद केलं, तर त्यांनी तो स्वतः काढायला सुरुवात केली. निकाल हातात पडला की पहिला प्रश्न, "अ-एक किती जणांना हाय?" तीस जणांत बावीस अ-१ असतील तर अ-१ ची किंमत त्या बाईला दोन सेकंदांत कळते. शिकलेल्या लोकांनी यावर नाक मुरडू नये. ज्या खुणेचा अर्थ कुणी सांगितलेला नाही, तिचा अर्थ शेजारच्या खुणेशी ताडूनच काढावा लागतो. पेंड बदलली म्हणून फॅट वाढली हे जी बाई ताडते, तिला श्रेणी फुगलेली आहे हे ताडता येणार नाही असं आपण समजत असू, तर आपणच भोळे.

शहरात राजारामपुरीच्या एखाद्या अपार्टमेंटमध्ये तर आणखी मजा. एका मजल्यावर तीन बोर्डांची पोरं. जिन्यात 'ए-वन' आणि 'अ-१' समोरासमोर येतात आणि दोघांच्या आया मनातल्या मनात वजनं करतात. सीबीएसईच्या दहावीला ए-वन म्हणजे त्या विषयात उत्तीर्ण झालेल्यांतले वरचे एक अष्टमांश. ती क्रमावरून दिलेली श्रेणी आहे. आपली सातवीतली अ-१ म्हणजे ९१ किंवा त्यावरची बेरीज, मग सगळा वर्ग तिथं का असेना. अक्षर तेच, पण एक वस्तू तराजूनं तोललेली आणि दुसरी मापानं मोजलेली. हे त्या दोघींना कोणत्याही पालकसभेत सांगितलं गेलेलं नसतं. पालकसभेत सांगतात ते गणवेशाचं.

आणि शाळेचं माप खोटं ठरलं की माणूस बाहेरचं माप शोधतो. आपल्या जिल्ह्यात शिष्यवृत्ती परीक्षेचं जे वेड आहे त्याचं मूळ मला इथं दिसतं. भुदरगड, राधानगरी, कागल. त्या बाजूच्या जिल्हा परिषद शाळांची नावं दरवर्षी गुणवत्ता यादीत झळकतात आणि त्याचा मला अभिमानही आहे. सकाळी लवकर वर्ग, सुट्टीत वर्ग, दिवाळीत वर्ग. तीनशे गुणांची परीक्षा, पर्याय काळे करायचे, तपासणी पुण्याला, गुरुजीचं पेन मध्ये नाही. निकाल लागला की चौकात फ्लेक्स, आणि फ्लेक्सवर श्रेणी नसते, आकडा असतो: ३०० पैकी २८२. पालक त्या आकड्यावर विश्वास ठेवतात, कारण तो कुणाच्या मायेतून आलेला नाही. पण याची किंमत मोजावी लागते. पर्याय काळे करता येतात तेवढंच शिकवण्याजोगं ठरतं. निबंध, प्रयोग, भांडण न करता चर्चा करणं, हातानं काही बनवणं, आकारिक मूल्यमापन ज्यासाठी आलं होतं ते सगळं 'शिष्यवृत्तीला येत नाही' म्हणून बाजूला. आपल्या गोड श्रेणीनं आपल्याच वर्गाची चावी दुसऱ्याच्या हातात दिली, असं मला आता वाटतं.

या मिसळलेल्या गुणांचं मोल किती असतं ते दहावीच्या बोर्डानं एकदा करूनच दाखवलं. भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेकडचे वीस-वीस गुण २०१९ च्या परीक्षेला काढून टाकले. राज्याचा निकाल २०१८ ला ८९.४१ टक्के होता, तो ७७.१० वर आला. अभ्यासक्रमही त्याच वर्षी नवा होता, त्यामुळं सगळी घसरण वीस गुणांच्या माथी मारता येणार नाही. तरी ओरड इतकी झाली की पुढच्या वर्षी वीस गुण परत आले आणि निकाल ९५.३० टक्के लागला. त्या वर्षी भूगोलाचा पेपर कोरोनामुळं झाला नाही आणि त्याचे गुण सरासरीनं दिले, हेही खरं. मग २०२१ ला परीक्षाच झाली नाही. नववीच्या निकालाचे ५०, दहावीच्या अंतर्गत लेखीचे ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे २० असं करून निकाल काढला, तो ९९.९५ टक्के. त्या वर्षी पोरांचा काहीही दोष नव्हता आणि दुसरा मार्गही नव्हता. पण अकरावीच्या प्रवेशासाठी वेगळी सीईटी घ्यायचं सरकारनं ठरवलं, ते उच्च न्यायालयानं रद्द केलं, तरी ठरवलं का होतं? कारण ज्या शाळांनी ते गुण दिले त्यांच्यावर राज्याचाच पुरता विश्वास नव्हता. सगळ्यांना सगळं माहीत असतं. फक्त कागदावर कुणी लिहीत नाही.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग टाका काढून ते आकारिक आणि घ्या नुसता पेपर. नाही. पेपर प्रामाणिक असतो असं ज्यांना वाटतं त्यांनी तीन तासांच्या पेपरला तापात बसलेलं पोर पाहिलेलं नाही. वर्गात असं बरंच काही दिसतं जे कागदावर कधीच येत नाही. वाद मिटवणारी पोरगी असते. सूत्र विसरतो, पण बांधाची लांबी पावलांनी बरोबर सांगतो असा पोरगा असतो. कोल्हापुरातच लीलाताई पाटलांनी १९८५ ला सृजन आनंद विद्यालय काढलं, मुलाकडं असं रोज, जवळून बघता येतं या विश्वासावर. ते बघणं मला हवंच आहे. माझं म्हणणं एवढंच की बघितलेलं बघितलेल्याच्या खान्यात ठेवा आणि मोजलेलं मोजलेल्याच्या. बेरीज करू नका.

कोल्हापुरात शिक्षणावर लिहायला बसलं की राजर्षी शाहूंपासून सुरुवात करायची रीत आहे. ती मोडून मी आजऱ्याकडं वळतो. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाशी ज्यांचं नाव कायमचं जोडलेलं आहे, ते कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. १९६४ ते ६६ या काळात या आयोगानं देशाच्या शिक्षणाचा जो ताळेबंद मांडला त्यात मूल्यमापनावरही लिहिलं आहे. शाळेनं अंतर्गत मूल्यमापन जरूर करावं, ते नुसतं आकड्यांत न ठेवता वर्णनातही करावं, आणि त्याचा निकाल बाह्य परीक्षेच्या निकालात न मिसळता वेगळा दाखवावा, असं आयोगाचं मत होतं. साठ वर्षं होत आली. आम्ही अंतर्गत मूल्यमापन घेतलं, वर्णन घेतलं, आणि 'वेगळा दाखवावा' हे दोन शब्द नेमके गाळले. आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाच्या हाताखालून गेलेला कागद आपण नीट वाचला नाही.

वेगळं दाखवायला काही मोठी क्रांती लागत नाही. श्रेणीच्या शेजारी तीन आकडे: आकारिक इतक्यापैकी इतके, तोंडी इतके, लेखी इतके. निकालपत्रकात ते असतातच, प्रगतिपुस्तकावर उतरवायचे फक्त. जूनच्या पालकसभेत गणवेशाचं बोलून झालं की दहा मिनिटं फळ्यावर हा हिशोब मांडायचा. आणि निकालाच्या दिवशी टेबलावर पोराची गणिताची वही आणि तपासलेला पेपर ठेवायचा. उत्तरपत्रिका बघायचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं २०११ ला मान्य केला, बोर्ड पैसे घेऊन छायाप्रत देतं. आणि गावातल्या शाळेत सातवीचा पेपर गठ्ठ्यात बांधून कपाटावर जातो, आईनं तो डोळ्यांनी बघितलेलाही नसतो.

लेखीचा आकडा निदान कागद दाखवून पटवता येतो. अडचण आकारिकची आहे, आणि ती उघड झाल्याशिवाय सुटणार नाही. तोंडी कामाचे गुण मी वर्षानुवर्षं कुणाला दिले ते आता आठवून बघतो. जो 'होतं' म्हणाला त्याला जास्त आणि जो 'हुतं' म्हणाला त्याला कमी. मी स्वतः घरात 'हुतं' म्हणतो. वर्गात मात्र मास्तरकी अंगात आली की प्रमाण मराठीला दोन गुण जादा पडायचे, आणि तो विषय भूगोल असला तरी. प्रकल्पाचं तर विचारूच नका. 'माझ्या परिसरातील पक्षी' असा प्रकल्प दिला की महाद्वार रोडच्या दुकानातले छापील चित्रांचे तक्ते, रंगीत पिना, प्लास्टिकची फाइल आणि आईचं अक्षर असा ऐवज टेबलावर यायचा. ज्याची आई शिकलेली आणि रिकामी, त्याला दहापैकी नऊ. जो स्वतः गेला, कावळ्याचं चित्र कावळ्यासारखं न येता बदकासारखं काढून आला, त्याला सहा. आम्ही पक्ष्यांचं मूल्यमापन करत नव्हतो, घराचं करत होतो. हंगामात बीडकडून ऊस तोडायला आलेल्या टोळीतली दोन पोरं एका वर्षी वर्गात होती. दिवाळीनंतर आली, शिमग्याच्या आसपास गेली. त्यांच्या आकारिकच्या खान्यात मी काय लिहिलं असेल? काहीतरी लिहिलं. रिकामं ठेवायची सोय नव्हती.

हे तीन आकडे उघडे झाले तर पहिला विरोध आमच्याकडूनच येईल, हे मला ठाऊक आहे. पालक भांडायला येतील, म्हणे. येऊ देत. हाच पालक कारखान्याच्या काट्यावर भांडतो. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनाला ३५५० रुपये एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर, होती आणि उतारा त्यावर दशांश एक टक्क्यानं वाढला की टनाला ३४ रुपये ६० पैसे जास्त. हे गणित शिरोळ-हातकणंगल्यातला बांधावरचा माणूस तोंडपाठ सांगतो आणि जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत तासन्‌तास बसून ऐकतो. काटा खासगी वजनकाट्यावर पडताळून बघतो. त्या भांडणामुळं कारखानदारी बुडाली नाही, उलट हिशोब थोडा सरळ झाला. पोराच्या बाबतीत हा माणूस गप्प बसतो. त्याला पोराची पर्वा कमी आहे असं नाही. भांडायला हातात आकडाच नाही. आम्ही दिलेल्या 'ब-२' शी भांडायचं कसं?

दुसरा विरोध जरा खरा आहे. लेखीत १७ असा आकडा आईनं बघितला तर संध्याकाळी पोराला मार पडेल. पडेलही. सगळीच घरं शहाणी नसतात. काही बापांच्या हातात आकडा देणं म्हणजे चाबूक देणं, आणि अशा दोन-तीन घरांसाठी मी स्वतः श्रेणी फुगवली आहे, त्याचा पश्चात्ताप होत नाही. पण दोन-तीन घरांसाठी चाळीस घरांना अंधारात ठेवायचं, हे मला पटेनासं झालं आहे. शिवाय तो आकडा लपून राहतो कुठं? नववीला बाहेर पडतोच. नववीला अंतर्गत वीस उरतात आणि लेखी ऐंशी होतं. सातवीला ३६ अधिक ९ च्या टेकूवर उभं असलेलं पोर तिथं एका चाचणीत कोसळतं, आणि आई विचारते, "आठवीपतोर तर बरं हुतं की, नववीला काय झालं ह्येला?" नववीला काही झालेलं नसतं. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली, नापास झालं तर फेरपरीक्षा, तिथंही राहिलं तर त्याच वर्गात, अशी तरतूद झाली. म्हणजे आता तो धक्का पाचवीलाच बसू शकतो, दहा-अकरा वर्षांच्या पोराला. चौथीपर्यंत मात्र आकारिकचे ६०-७० चालूच.

नवं शैक्षणिक धोरण समग्र प्रगतिपत्रकाची भाषा करतं. त्यात पोरानं स्वतःचं मूल्यमापन करायचं, मित्रानं करायचं, पालकांनीही करायचं. ऐकायला छान आहे. पण १४०० खाने भरणाऱ्या माणसाला आणखी खाने दिले तर काय होतं ते आम्ही २०१० नंतर पाहिलं आहे. तयार याद्या लांबतील. 'मित्राच्या मते सहकार्यशील आहे' हेही मोबाइलवर फिरेल. साधनं आठ ठेवण्यापेक्षा तीन ठेवा, प्रकल्प घरी न देता वर्गातच करून घ्या, आणि नोंद एकच लिहा, पण ती त्या पोराची असू द्या. 'सुधारणा आवश्यक' हे चाळीस वेळा लिहिण्यापेक्षा 'छेद वेगळे असले की बेरीज चुकते' हे एकदा.

तर त्या एक मेला. टेबलावरची गर्दी ओसरली तरी ती बाई व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभी होती. काय वाटलं कुणास ठाऊक, मी निकालपत्रक काढलं आणि तिच्या दुधाच्या पावतीच्या पाठीमागं पेन्सिलीनं लिहून दाखवलं. आकारिक ४० पैकी ३६. तोंडी १० पैकी ९. लेखी ५० पैकी १७. बेरीज ६२, म्हणून ब-२. तिनं तिन्ही आकड्यांवरून बोट फिरवलं आणि १७ वर थांबली.

"म्हंजे सर, ह्यात पाणी हाय."

मी काही बोललो नाही. पाणी मीच घातलं होतं.

"त्येला काय येत न्हाई ते सांगा की मग."

मी वही मागवली. दशांश अपूर्णांक. पॉइंटनंतरची घरं चुकवत होता, सात पॉइंट शून्य आठ मोठं की सात पॉइंट एक मोठं, यात पेपरभर गोंधळ घातला होता. तसं मी तिला सांगितलं.

बाई पावती उलटी-सुलटी करून बघत राहिली. मग म्हणाली, "रोज सकाळी दूध घालायला त्योच जातोय की सर. फॅट त्योच वाचून सांगतोय मला."

मी गणित शिकवायला लागून त्या वर्षी एकोणीस वर्षं झाली होती, आणि दैनंदिन निरीक्षणात त्या पोराला मी दहापैकी नऊ दिले होते.